‘हे किंवा ते’ होण्याची संभाव्यता: बेरीज करा, पण बर्डी दोनदा मोजू नका

नागपूर मेट्रोचा नकाशा समोर घ्या. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी ऑरेंज लाईन बोट ठेवून मोजली तर १८ स्टेशनं भरतात. प्रजापती नगरहून लोकमान्य नगरला जाणाऱ्या ॲक्वा लाईनवर २०. मग एकूण स्टेशनं किती? वर्गात हा प्रश्न टाकला की पोट्टे एका सुरात ‘अडतीस’ म्हणतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच बोलतं, ‘पण मॅडम, बर्डी तर दोन्हीकडे आहे ना!’

आहेच. सीताबर्डीला दोन्ही लाईन एकमेकींना छेदतात, म्हणून वेगवेगळी नावं लिहायला बसलं तर ३७च होतात. आता ही ३७ नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका, डबा हलवा आणि एक चिठ्ठी काढा. ती ऑरेंज लाईनवरची असण्याची संभाव्यता १८/३७. ॲक्वावरची असण्याची २०/३७. ‘ऑरेंज किंवा ॲक्वा’ असण्याची किती? नुसती बेरीज केली तर ३८/३७ येतं, म्हणजे एकापेक्षा जास्त. संभाव्यता एकाच्या वर जाऊच शकत नाही. डब्यातली प्रत्येक चिठ्ठी कोणत्या ना कोणत्या लाईनवरची आहे, तेव्हा बरोबर उत्तर ३७/३७, म्हणजे १. जे ३७वा भाग जास्त झालं ते बर्डीचं. ती एकदा ऑरेंजमध्ये मोजली गेली आणि परत ॲक्वामध्ये.

दोन घटनांपैकी एखादी घडण्याची संभाव्यता काढताना जवळजवळ सगळ्या चुका इथेच होतात. नागपूरच्या नंदनवन भागातल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात दहावीची मुलं असतात, तशी भरती परीक्षांची तयारी करणारीही असतात. सूत्र दोघांनाही पाठ असतं. वजाबाकी कशाची करायची आणि मुळात का करायची, इथे गाडी अडते. म्हणून सूत्र जरा मागे ठेवते.

आधी चार शब्द

ज्याचं उत्तर आधी सांगता येत नाही, पण कोणकोणती उत्तरं येऊ शकतात हे माहीत असतं, तो यादृच्छिक प्रयोग. नाणं उडवणं, फासा टाकणं, चिठ्ठी काढणं. येऊ शकणाऱ्या प्रत्येक उत्तराला निष्पत्ती म्हणायचं, सगळ्या निष्पत्तींच्या यादीला नमुना अवकाश आणि त्यातल्या आपल्याला हव्या त्या निष्पत्तींच्या गटाला घटना. सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य असतील, म्हणजे कोणाचाच वशिला नसेल, तर संभाव्यता म्हणजे हव्या त्या निष्पत्तींची संख्या भागिले एकूण निष्पत्तींची संख्या.

शब्द लक्षात राहिले नाहीत तरी चालेल. ‘एकूण किती’ आणि ‘त्यातले आपले किती’ एवढं विचारता आलं की पुढे जायला हरकत नाही.

‘किंवा’ म्हणजे नेमकं काय

सूत्राआधी भाषेचा हा घोळ निस्तरायला हवा. पाहुण्याला आपण विचारतो, ‘चहा घेणार की कॉफी?’ या ‘की’मध्ये दोनपैकी एकच अपेक्षित असतं. ‘दोन्ही आणा’ म्हणणारा पाहुणा आपल्या कायमचा लक्षात राहतो. गणितातला ‘किंवा’ या ‘की’सारखा नाही. तो सरकारी जाहिरातीतल्या ‘किंवा’सारखा आहे. ‘पदवी किंवा पदविका आवश्यक’ असं लिहिलेलं असताना ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याला कोणी खिडकीवरून परत पाठवत नाही.

म्हणजे ‘अ किंवा ब’ याचा अर्थ: फक्त अ, फक्त ब, किंवा दोन्ही. पुस्तकात यासाठी संयोगाचं चिन्ह ∪ असतं आणि ‘अ आणि ब’ साठी छेदाचं ∩. परीक्षेत हीच गोष्ट ‘किमान एक’ अशा शब्दांत येते. ‘फक्त एक’ विचारलं असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, त्याकडे थोड्या वेळाने येते.

बेरीज करण्याआधी विचारायचा प्रश्न

दोन्ही घटना एकाच वेळी घडू शकतात का?

एवढाच प्रश्न. उत्तर ‘नाही’ असेल तर सरळ बेरीज करा आणि मोकळे व्हा. आमच्या गल्लीत बारा जणींची भिशी आहे. एका महिन्याला एक चिठ्ठी निघते. या महिन्यात माझी किंवा माझ्या जाऊबाईंची चिठ्ठी निघण्याची संभाव्यता किती? माझी १/१२, त्यांची १/१२. एका चिठ्ठीवर दोन नावं नसतात, तेव्हा दोघींची एकदम निघणं शक्यच नाही. उत्तर २/१२, म्हणजे १/६. अशा घटनांना परस्पर अपवर्जी म्हणतात. एकीने जागा घेतली की दुसरीला जागा नाही.

उत्तर ‘हो’ असेल, तर जे दोन्हीकडे मोजलं गेलं ते एकदा वजा करायचं:

सं(अ किंवा ब) = सं(अ) + सं(ब) − सं(अ आणि ब)

इथे ‘सं’ म्हणजे संभाव्यता. पुस्तकात तिथे इंग्रजी अक्षर असतं, अर्थ तोच. खरं तर हे एकच सूत्र दोन्हीकडे चालतं, कारण परस्पर अपवर्जी घटनांमध्ये शेवटचं पद शून्य असतं. दोन सूत्रं वेगवेगळी पाठ करायची गरज नाही. मुलं करतात, आणि मग कोणतं कुठे लावायचं यात अडकतात.

‘मॅडम, वजा कायले करा लागते?’

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी काकांच्या संत्र्यांची गोष्ट सांगते. माझं माहेर काटोलकडचं. घरी संत्र्याची बाग आहे, आणि अंबिया बहाराची फळं उतरली की अंगणात ढीग पडतो. एका वर्षी मी सुट्टीत गेले होते. काका दोनशे फळांचा एक ढीग पाहत होते, मी शेजारी वही धरून बसले होते. ते फळ उचलायचे, फिरवून बघायचे आणि बोलायचे, ‘डाग.’ मी डागाच्या रकान्यात रेघ मारायची. ‘बारीक.’ बारीकच्या रकान्यात रेघ. मध्येच एखादं फळ हातात घेऊन म्हणायचे, ‘डाग, अन् बारीकबी.’ मग मी दोन्ही रकान्यांत एकेक रेघ मारायची.

शेवटी डागाच्या ३० रेघा झाल्या, बारीकच्या २०. मी ऐटीत सांगितलं, ‘काका, पन्नास बाद.’ काकांनी बाजूला काढलेला ढीग मोजला. फळं निघाली ४२. त्यांनी परत मोजली, परत ४२. मी वही परत तपासली, रेघा बरोबर पन्नास. दोघंही खरं बोलत होतो. माझ्या वहीत रेघा होत्या, त्यांच्यासमोर फळं होती. आठ फळांना डागही होता आणि ती बारीकही होती, म्हणून त्या आठांच्या सोळा रेघा पडल्या होत्या.

३० + २० − ८ = ४२. त्या दोनशेतलं एक फळ डोळे मिटून उचललं तर ते डागी किंवा बारीक असण्याची संभाव्यता ४२/२००, म्हणजे ०.२१. वजाबाकीत दुसरं काही नाही, एका फळाच्या दोन रेघा पडल्या त्यातली एक खोडायची. दोन्ही खोडू नका. तसं केलं तर ती आठ फळं हिशोबातून पार गायब होतात. काही मुलं उत्साहाच्या भरात तेही करतात.

याच ढिगातून परीक्षेतले बाकीचे प्रश्नही सुटतात. ‘फक्त एकच दोष’ असलेली फळं किती? डागी पण बारीक नाहीत अशी २२, बारीक पण डाग नाहीत अशी १२. मिळून ३४, म्हणजे संभाव्यता ०.१७. इथे मात्र आठही फळं दोन्हीकडून काढून टाकायची, म्हणजे सामाईक भाग दोनदा वजा. ‘एकही दोष नाही’ अशी २०० − ४२ = १५८, संभाव्यता ०.७९. प्रश्नातल्या ‘किमान एक’, ‘फक्त एक’ आणि ‘एकही नाही’ या शब्दांखाली आधी पेन्सिलने रेघ ओढा, मगच आकडे बघा. भरती परीक्षेत हे तिन्ही पर्याय उत्तरांत शेजारीशेजारी दिलेले असतात. चुकीचं वाचणाऱ्यालाही त्याचं उत्तर तिथे सापडतं आणि तो खुशीत पुढे जातो.

पत्ते आणि फासे, पटकन

बावन्न पत्त्यांतून एक पत्ता काढला. तो राजा किंवा बदाम असण्याची संभाव्यता? राजे ४, बदामाचे पत्ते १३, आणि बदामाचा राजा दोन्हीकडे. ४ + १३ − १ = १६. उत्तर १६/५२, म्हणजे ४/१३. बदामाचा राजा ही इथली बर्डी.

दोन फासे टाकले. निदान एकावर सहा येण्याची संभाव्यता? वहीत सहा बाय सहाची चौकट आखा, ३६ घरं. पहिल्या फाशावर सहा म्हणजे एक आडवी ओळ, सहा घरं. दुसऱ्यावर सहा म्हणजे एक उभी ओळ, तीही सहा घरं. या दोन ओळी कोपऱ्यातल्या एका घरात एकमेकींना छेदतात, ते घर (६, ६). त्यामुळे ६ + ६ − १ = ११ आणि उत्तर ११/३६. ही चौकट एकदा तरी हाताने काढा आणि दोन ओळी वेगवेगळ्या रंगांनी रंगवा. कोपऱ्यातल्या घरावर दोन्ही रंग चढलेले दिसले की मग सूत्र पाठ करावं लागत नाही.

‘दोन्ही’ची संभाव्यता आणायची कुठून

खरी मेहनत इथे आहे, म्हणून जरा थांबते. संत्र्यांमध्ये आठ हा आकडा मोजून मिळाला. पत्त्यांमध्ये डोळ्यांनी दिसला. पण बऱ्याचदा सामाईक भाग कोणी हातात देत नाही, तो काढावा लागतो.

घटना स्वतंत्र असतील, म्हणजे एक घडल्याने दुसरीच्या संभाव्यतेत काहीच फरक पडत नसेल, तर दोघींच्या संभाव्यतांचा गुणाकार करायचा. एक नाणं आणि एक फासा घ्या. छापा येण्याची १/२, सहा येण्याची १/६, दोन्ही येण्याची १/१२. मग ‘छापा किंवा सहा’ची संभाव्यता १/२ + १/६ − १/१२ = ७/१२.

इथे एक गोंधळ हमखास होतो. परस्पर अपवर्जी आणि स्वतंत्र हे दोन शब्द एकाच अर्थाचे वाटतात. नाहीत. किंबहुना जवळजवळ उलटे आहेत. माझी चिठ्ठी निघाली तर जाऊबाईंची निघण्याची संभाव्यता एकदम शून्यावर येते. इतका परिणाम होत असेल तर त्या घटना स्वतंत्र कशा? दोन्ही घटनांची संभाव्यता शून्याहून जास्त असेल तर त्या एकाच वेळी परस्पर अपवर्जीही आणि स्वतंत्रही असूच शकत नाहीत.

आता भिशीतच जरा बदल करू. मागचा महिना हुकला, म्हणून या वेळी दोन चिठ्ठ्या काढायच्या ठरल्या, आणि पहिली चिठ्ठी परत डब्यात टाकायची नाही. माझं किंवा जाऊबाईंचं नाव निघण्याची संभाव्यता किती? आता दोघींची नावं निघू शकतात, म्हणून सरळ बेरीज बंद. माझं नाव दोनमध्ये असण्याची २/१२. त्यांचीही २/१२. दोघींची? माझं नाव आलं असं धरलं तर उरलेली एक जागा आणि उरलेल्या अकरा जणी, तेव्हा त्यांची १/११. गुणाकार: २/१२ × १/११ = १/६६. याला सशर्त संभाव्यता वापरणं म्हणतात. आधी एक घडली असं धरायचं आणि त्या परिस्थितीत दुसरी किती, ते बघायचं.

मग उत्तर १/६ + १/६ − १/६६ = २१/६६ = ७/२२. साधारण ०.३२.

आता एक व्यवहारातलं उदाहरण, कारण परीक्षेबाहेर लोक इथेच फसतात. जूनमधली नागपूरची संध्याकाळ. समजा आज पाऊस येण्याची संभाव्यता ०.४ आहे आणि लाईन, म्हणजे वीज, जाण्याची ०.३. पाऊस येण्याची किंवा लाईन जाण्याची किती? गुणाकार करून ०.१२ वजा केले तर ०.५८ येतं. पण आपल्याला अनुभवाने माहीत आहे की ढग गडगडले की अर्ध्या वस्तीची लाईन जाते. या घटना स्वतंत्र नाहीत. समजा पाऊस आला तर लाईन जाण्याची संभाव्यता ०.६ आहे. मग दोन्हीची ०.४ × ०.६ = ०.२४, आणि ‘किंवा’ची ०.४ + ०.३ − ०.२४ = ०.४६. दोन घटना जितक्या हातात हात घालून येतात तितका सामाईक भाग मोठा आणि ‘किंवा’ची संभाव्यता लहान. म्हणून गुणाकार करण्याआधी विचारा: एकीची बातमी कळली तर दुसरीबद्दल माझं मत बदलेल का? बदलणार असेल तर नुसता गुणाकार करू नका.

उलट्या बाजूने जाणं

‘किमान एक’ काढताना कधीकधी ‘एकही नाही’ काढून ते एकातून वजा करणं सोपं पडतं. दोन चिठ्ठ्यांच्या भिशीत दोघींपैकी कोणीच न निघण्याची संभाव्यता १०/१२ × ९/११ = १५/२२. एकातून वजा केलं की ७/२२. मघाचंच उत्तर. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की रात्री झोप चांगली लागते.

घटना जास्त असतील तेव्हा तर हीच वाट धरावी. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शेव्हालिए द मेरे नावाचा एक जुगाराचा शौकीन गृहस्थ होता. त्याची गोष्ट अशी सांगतात: एक फासा चारदा टाकला तर निदान एकदा सहा यावा, कारण ४ × १/६ म्हणजे २/३. आणि दोन फासे २४ वेळा टाकले तर निदान एकदा जोडसहा, म्हणजे दोन्ही फाशांवर सहा, यावा, कारण २४ × १/३६ म्हणजेही २/३. दोन्ही पैजा सारख्याच फायद्याच्या असायला हव्यात, पण तसं होत नव्हतं. पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांच्या १६५४च्या प्रसिद्ध पत्रव्यवहारात या फाशांच्या प्रश्नाचाही उल्लेख आहे. चूक तीच आपली ओळखीची: एकापेक्षा जास्त वेळा घडू शकणाऱ्या घटनांची सरळ बेरीज. द मेरेच्या पद्धतीने सात वेळा फासा टाकला तर संभाव्यता ७/६ येईल!

बरोबर हिशोब: चारही वेळा सहा न येण्याची संभाव्यता ५/६ चा चौथा घात, ६२५/१२९६. म्हणून निदान एकदा येण्याची ६७१/१२९६, साधारण ०.५१८. जोडसहाच्या पैजेची साधारण ०.४९१. एक अर्ध्याच्या जरा वर, दुसरी जरा खाली. पहिलीत पैसे सुटतात, दुसरीत जातात.

तीन घटना आल्या तर

घाबरू नका. एकेकटी बेरीज, जोड्या वजा, तिघींचा सामाईक भाग परत अधिक. १ ते १०० मधली एक संख्या उचलली. ती २, ३ किंवा ५ ने भागली जाण्याची संभाव्यता काढू. दोनने भागल्या जाणाऱ्या ५०, तीनने ३३, पाचने २०, बेरीज १०३. शंभर संख्यांत १०३ कशा बसतील? आता जोड्या: सहाने १६, दहाने १०, पंधराने ६, मिळून ३२ वजा, उरले ७१. पण ३०, ६० आणि ९० या संख्या तीनदा मोजल्या होत्या आणि तीनदाच वजा झाल्या, म्हणजे यादीतून पुसल्याच गेल्या. त्या ३ परत घ्या. ७४. उत्तर ०.७४.

चार घटनांनाही हाच क्रम चालतो, फक्त जोड्या आणि त्रिकुटं मोजता मोजता दमछाक होते. तिथे मी तर सरळ उलट्या बाजूने जाते.

उत्तर लिहिण्याआधी दहा सेकंद

‘किंवा’चं उत्तर दोन्हींपैकी मोठ्या संभाव्यतेपेक्षा कमी असूच शकत नाही, दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि एकाच्या वर तर कधीच नाही. काकांच्या ढिगात ते ३० आणि ५० च्या मध्येच पडायला हवं होतं. एवढं तपासलं तरी निम्म्या चुका तिथेच सापडतात. याच पट्टीने अर्धवट दिलेली माहितीही जोखता येते. वर्गातले ७० टक्के गणितात पास आणि ६० टक्के विज्ञानात पास, एवढंच सांगितलं तर दोन्हीत पास किती? नक्की आकडा सांगता येणार नाही, पण ३० टक्क्यांहून कमी नाहीत आणि ६० हून जास्त नाहीत, हे छातीठोक सांगता येतं. ४२ टक्के म्हणणाऱ्याने न विचारता गुणाकार केलेला असतो.

आता एक तुमच्यासाठी. पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तो राणी किंवा काळा असण्याची संभाव्यता किती? उत्तर ७/१३. तुमचं ३०/५२ आलं असेल तर इस्पिकची आणि किलवरची राणी दोनदा मोजली गेली. २६/५२ आलं असेल तर त्यांना दोन्हीकडून खोडलं आहे.